मनगटावरचं हळकुंड

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. हे वेगळं सांगायला नको, कारण माझ्या मागच्या सीटवर सध्या एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि पुढच्या सीटवर तुम्ही चौघं. एकाच्या हातात स्टेअरिंग, बाकीचे तिघं तोंडानं भोंगा वाजवता. वडनेरच्या रूपराव पाटलांच्या गोठ्यामागे, लिंबाखाली, मी दोन वर्षांपासून अशी उभी आहे. चाकांच्या जागी विटा आहेत. तुम्ही मला कधी काही विचारलं नाही. तरी सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माझ्या पुढे माझ्यासारखीच एक होती आणि मागेही एक, एवढंच आठवतं. मुंबई बंदरावर उतरले, मालगाडीच्या उघड्या डब्यातून वर्ध्याला आले आणि एका वकिलांच्या दारात उभी राहिले. वकीलसाहेब घरापासून कोर्टापर्यंत जात आणि कोर्टापासून घरी येत. मध्ये जेमतेम पाच फर्लांगांचं अंतर. चारचौघांत ते माझ्या बॉनेटवर असा काही हात फिरवत की जणू मी त्यांची दुभती म्हैस आहे. एकटे असले की हात खिशात.

सन पन्नास साली रूपराव पाटलांनी मला विकत घेतलं आणि वडनेरला आणलं. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. पाटलांच्या आई, देवकाबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. नव्या सुनेवरून ओवाळून टाकतात तसा त्यांनी तो तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. आठ दिवस माझ्या काचांवर गावभरच्या नाकांचे ठसे होते. कौतुक असं होतं, मित्रांनो. कौतुक कुठे साठवून ठेवता येत नाही, म्हणून नुसतं सांगून टाकते.

मला एक खोड आहे. माणूस दार कसं लावतो, ते मी लक्षात ठेवते. रूपराव पाटील कुणी पाहत असलं की दार धाडकन लावत आणि कुणी नसलं की अर्धवटच सोडून जात. देवकाबाई दार लावतच नसत, ते कुणीतरी लावेल अशी त्यांची समजूत होती. आणि श्रावण दार हळू लोटायचा, मग अंगठ्यानं दाबायचा, आतून खट् असा आवाज आला की मगच पाऊल उचलायचा. सहा वर्षांत एकदाही त्याचं हे चुकलं नाही.

श्रावण म्हणजे माझा ड्रायव्हर. लढाईच्या काळात लष्कराचे ट्रक चालवून आलेला, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. राहायचा नाल्यापलीकडे, महारवाड्यात. माझ्या स्टेअरिंगला त्याचा हात चालत होता. पाटलांच्या ओसरीवरच्या माठाला चालत नव्हता. मला यातलं काही कळत नसे. मी पेट्रोलवर चालते.

दर वर्षी खंडेनवमीला तो मला नाल्यावर नेऊन धुवायचा, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढायचा, झेंडूचा हार घालायचा आणि स्टेअरिंगच्या दांड्याला दोरा बांधायचा. देवकाबाई ओसरीवरून पाहत असायच्या. म्हातारीला यंत्राचं मोठं कुतूहल. एका वर्षी त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ‘‘श्रावण, हिचा जीव कुठीसा असते, सांग बरं.’’ श्रावणनं बॉनेट उघडून दाखवलं. पायाखालचा एक्सलेटर दाबला की एक दांडी पुढे सरकते, ती कारबोरेटरवरचा एक लहानसा हात ओढते, तो हात उघडला की इंजिन जोरात पळतं, आणि पाय उचलला की स्प्रिंग त्या हाताला परत मिटवते. म्हातारीला समजावं म्हणून तो म्हणाला, ‘‘हे गाडीचं मनगट समजा, माय.’’

बोलायला कमी असलेल्या माणसानं आयुष्यात एक उपमा दिली, तीच त्याला भोवली.

छप्पन सालच्या दसऱ्याच्या तोंडावर श्रावणनं चार दिवसांची सुटी मागितली. रूपराव पाटील ओसरीवर पान लावत होते.

‘‘ऐन नवमीले काऊन?’’

‘‘नागपूरले जातो, पाटील. दीक्षा आहे.’’

हे पाटलांना ठाऊक होतं. नाल्यापलीकडची निम्मी वस्ती पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे शिवून तयार होती, सबंध जिल्हा त्याच वाटेला लागला होता. तरी त्यांनी पान चघळत विचारलं, ‘‘मग गाडीची पूजा कोन करन?’’

‘‘आता मी पूजा नाई करत, पाटील. गाडी धुऊन ठेवून जातो.’’

तो मला धुऊन ठेवून गेला. नेहमीसारखंच धुतलं, जरा जास्तच. पाटलांनी पानाची पिंक टाकली आणि पुढे काही बोलले नाहीत. ज्या दिवशी माणूस काही बोलत नाही, त्या दिवशीचं बोलणं तो पुढच्या कामासाठी जपून ठेवतो. हे मी वकिलांकडे शिकले होते.

नवमीला पूजेचं ताट घेऊन देवकाबाई स्वतः आल्या. त्यांनी गड्याकडून बॉनेट उघडवलं आणि माझं मनगट शोधून काढलं. लग्नात मनगटाला हळकुंड बांधतात, तसं त्यांनी एक जाडसं हळकुंड पिवळ्या दोऱ्यात ओवून माझ्या त्या लहानशा हाताला बांधलं. सात वेढे, पक्की गाठ. हळकुंड खाली दोन बोटं लोंबत राहिलं. म्हातारीनं माझ्या मडगार्डावर हात ठेवला आणि पोरीला सांगावं तशी म्हणाली, ‘‘सुखरूप येजो, सुखरूप जाजो.’’

तुम्हाला मी काही लपवून ठेवणार नाही. पुढे मला जो रोग जडला तो हाच. तो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

श्रावण नागपूरहून परतला तो पांढऱ्या सदऱ्यात. दार तसंच लावलं, लोटून, दाबून, खट्. पाणी पाहायला बॉनेट उघडलं तेव्हा त्याला दोरा दिसला. त्याचा हात तिथे जरा थांबला. आपण हे आता मानत नाही. पण दुसऱ्यानं मनोभावे बांधलेलं आपण सोडलं, तर ते वेगळंच होईल. शिवाय सोडलेलं कुणी पाहिलं तर त्याचं काय करतील, हे त्याला चांगलं कळत होतं. त्यानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि बॉनेट लावून टाकलं.

तिसऱ्या दिवशी शेताच्या वाटेवर मी पहिल्यांदा ओरडले.

झालं असं. उभ्या गाडीत हळकुंड सरळ खाली लोंबायचं, कशाला शिवायचं नाही. पण बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून जाताना ते झोके घ्यायचं. श्रावणनं एक्सलेटर दाबला की माझा तो हात उघडायचा आणि त्याच्यामागे बोटभर फट पडायची. नेमक्या त्याच वेळी धक्का बसला, की हळकुंड त्या फटीत जाऊन बसायचं. मग पाय उचलला तरी हात मिटायचा नाही. श्रावणचा पाय मोकळा, आणि मी आपली पळतेच आहे, बोंबलतेच आहे. क्लच दाबला की बोंब दुप्पट. पुढे कुठेतरी दुसरा धक्का बसे, हळकुंड निसटे, आणि मी शहाण्यासारखी गप्प होई. गावाजवळून हैदराबादकडे जाणाऱ्या पक्क्या सडकेवर हे कधीच होत नसे. शेताच्या वाटेवर कधी होई, कधी नाही. घरी आणून दाखवावं तर मुळीच नाही.

असा रोग माणसाला झाला तर त्याला ढोंगी म्हणतात. मला झाला, तेव्हा लोक श्रावणकडे पाहू लागले.

शनिवारी बाजारात तर कळसच झाला. शेताच्या वाटेवरून बाजाराच्या तोंडाशी येताना श्रावणनं पाय उचलला आणि मी थांबेना. त्यानं ब्रेक दाबला, चावी बंद केली, स्टेअरिंग वळवलं. माणसं वाचली. कुंभाराच्या दिवाळीच्या पणत्या वाचल्या नाहीत. माझ्या चाकाखाली त्या कुरकुरीत आवाज करत फुटल्या, आणि त्या धक्क्यानं हळकुंड निसटलं. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणायला पाहिजे, पण खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. तेव्हापासूनच मला फारसं काही वाटेनासं झालं.

त्या संध्याकाळपर्यंत गावात माझ्या रोगाची निदानं तयार झाली. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, ड्रायव्हरनं देव सोडले, गाडीनं लगाम सोडला. दुसरा म्हणाला, गाडीले लागीर झालं. तिसऱ्यानं गाडीत कधी पाय ठेवला नव्हता, पण त्याला सगळ्यांत नक्की ठाऊक होतं: नवमीला जो पूजा टाकून गेला, त्याच्याच हाताखाली गाडी बिघडते, मग आणखी काय पुरावा पाहिजे? इतर कुणी मला चालवतच नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ही सगळी निदानं बॉनेट न उघडता झाली, म्हणून ती लवकर झाली.

रूपराव पाटलांनी जपून ठेवलेलं बोलणं आता बाहेर काढलं. चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितलं की पापाची फळं यंत्रालाही कळतात. आणि श्रावणला म्हणाले, ‘‘दिवाळीले पोरगी-जावई येऊन राह्यले. तवरक गाडी ठीक नाई झाली, तर मी दुसरा माणूस पाहीन.’’

श्रावणच्या घरी बायको सुंदरा, तीन मुलं आणि आंधळी आई होती. शेत नव्हतं. वडनेरमध्ये दुसरी मोटार नव्हती.

हिंगणघाटहून नानाजी मिस्त्रीला बोलावलं. नानाजी या भागातला नामांकित मिस्त्री, त्याला इंजिनाचं बोलणं कळतं म्हणत. त्यानं लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मला जरा आशा वाटली. मग त्यानं प्लग काढून घासले. कारबोरेटरचं तोंड तळहातानं झाकून कुठून हवा ओढली जाते का ते पाहिलं. पेट्रोलची नळी फुंकली. प्रत्येक वेळी मधे तो दोरा येत होता. प्रत्येक वेळी नानाजी हळकुंड दोन बोटांनी अलगद उचलायचा, बाजूला धरायचा, काम झालं की होतं तसं नीट लोंबत ठेवायचा, आणि ती बोटं कपाळाला लावायचा. असं त्यानं पाच वेळा केलं. मी मोजलं. रोग हातात धरून तो रोग शोधत होता, मित्रांनो.

उभ्या गाडीवर त्यानं एक्सलेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. मी अगदी गुणी मुलीसारखी वागले. जाताना काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून त्यानं कारबोरेटरचे दोन स्क्रू इकडेतिकडे पिळले आणि म्हणाला, ‘‘मशीन तं ठीक आहे, पाटील. बाकी तुमी समजून घ्या.’’ पाटलांनी समजून घेतलं. स्क्रू पिळल्यामुळे मी आता उभ्या जागीही धापा टाकू लागले, ते निराळंच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी श्रावण एकटाच आला. माझ्या पुढच्या मडगार्डाला टेकून उकिडवा बसला आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागला. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, म्हणून मला कळलं. सडकेवर नाही. शेताच्या वाटेवर. उभ्या गाडीत नाही. पाय दाबलेला असताना धक्का बसला तर. म्हणजे जे बिघडलंय ते झिजलेलं नाही, तुटलेलं नाही; ते हलतंय. लागीर झालं असतं तर ते पक्क्या सडकेवरही झालं असतं. लागीराला सडकेचं काय?

तो उठला. हँडल मारून मला सुरू केलं. एक विटेचा तुकडा उचलून एक्सलेटरवर ठेवला, त्यामुळे मी मध्यम चालीवर पळू लागले. मग बॉनेट उघडून ठेवलं, दोन्ही तळहात मडगार्डावर टेकले आणि मला वरखाली हलवायला लागला. दाब, सोड. दाब, सोड. चाकोरीतून जाताना हलते तशी मी जागच्या जागी हलू लागले. हळकुंड झोके घेऊ लागलं. दहाव्याबाराव्या झोक्याला ते फटीत जाऊन बसलं. श्रावण आत वाकला, वीट काढून घेतली. मी पळतच राहिले.

तो पळत पुढे आला आणि त्यानं पाहिलं.

मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. दोन बोटं घालून ओढलं असतं तर एका पळात काम झालं असतं. त्यानं दोन्ही हात मागे बांधले आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, ‘‘माय, जरा इकडे येता का? पाटलांलेही आना.’’

देवकाबाई आल्या, पाटील आले, पाटलांच्या मागे दोन गडी आले. श्रावणनं काही समजावलं नाही. वीट ठेवली, मला हलवलं, वीट काढली. मी ओरडले. पुन्हा हलवलं. हळकुंड निसटलं, मी गप्प. असं तीनदा. तिसऱ्यांदा देवकाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

‘‘म्याच बांधलं होतं बापा. मनगट म्हनला होता तू.’’

‘‘म्हनलो होतो, माय.’’

‘‘मंग तू काऊन नाई सोडलं?’’

‘‘तुमी बांधलं होतं.’’

म्हातारी पुढे वाकली. सात वेढे, पक्की गाठ, वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही. हळकुंड निघालं, त्यांनी ते पदरात घेतलं आणि श्रावणकडे पाहून काहीतरी म्हणणार होत्या. पाटील म्हणाले, ‘‘आई, तू अंदर जा.’’ त्या गेल्या.

आता रूपराव पाटलांची अडचण बघा. चावडीसमोर जे म्हटलं, ते गावानं ऐकलं होतं. अंगणात जे दिसलं, ते चार जणांनी पाहिलं होतं, आणि त्यातले दोन गडी त्यांच्याच घरचे. माणूस वाईट नव्हता. पण आपण बोललो ते परत घ्यायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला, घसा खाकरला आणि सगळ्यांचंच भलं होईल असा मार्ग काढला.

‘‘चला, भेटला बिघाड. झालं गेलं सोडून दे. मात्र पुढच्या नवमीले तूच कर पूजा, श्रावण. तुले कुठं बांधाचं ते समजते. तू असता तं हे झालंच नसतं.’’

श्रावण फडक्यानं हात पुसत होता. एकेक बोट वेगळं पुसत होता.

‘‘नाई, पाटील.’’

‘‘नाई म्हनजे?’’

‘‘गाडी चालवतो. पूजा नाई करत.’’

‘‘मग गावाले मी काय सांगू?’’

‘‘जे दिसलं थे सांगा.’’

गडी जमिनीकडे पाहू लागले. मी धापा टाकत उभी होते. पाटलांनी ‘सांगीन’ म्हटलं असतं तर श्रावण राहिला असता, हे मला माहीत आहे. ‘सांगीन’ या शब्दाला फार पेट्रोल लागत नाही. पण तो शब्द आला नाही, आणि बराच वेळ वाट पाहून श्रावणनं खिशातून माझ्या दाराची चावी काढली.

चावी त्यानं लगेच दिली नाही. आधी पेचकस घेतला आणि नानाजीनं पिळलेले दोन स्क्रू परत जागेवर आणायला बसला. अर्धा फेरा इकडे, ऐकायचं. पाव फेरा तिकडे, ऐकायचं. पाटील उभे होते, ते बसले. मग कंटाळून आत गेले. माझी धाप हळूहळू बसली. शेवटी मी इतकी संथ चालू लागले की मडगार्डावर ठेवलेली चावीसुद्धा वाजत नव्हती. मग त्यानं मला बंद केलं, दार लोटलं, अंगठ्यानं दाबलं. चावी तिथेच ठेवून तो नाल्याच्या दिशेनं गेला.

पुढे तो बल्लारशाकडे ट्रक चालवायला गेला, असं ऐकलं. मुलं-बायको मागून गेली. दिवाळीला पाटलांची लेक-जावई आले, नव्या ड्रायव्हरनं त्यांना आणलं. मी एकदाही ओरडले नाही. गावानं त्याचाही अर्थ लावला: बघा, माणूस बदलला, गाडी सुधारली. आजही तुमच्या घरी विचारा, हेच सांगतील. देवकाबाई मात्र कधी काही बोलल्या नाहीत. पुढच्या नवमीला त्यांनी दोरा बाभळीच्या फांदीला बांधला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

नवा ड्रायव्हर दार लाथेनं लावायचा. पाणी पाहायचा नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात माझं इंजिन तापून फुटलं, आणि मला ढकलत इथे आणून ठेवलं. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं असतं तर बरं झालं असतं. लिंबाचा पाला पडतो, कोंबडी बसते, तुम्ही येता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी मोटार घ्याल, कुणी चालवाल. ती ओरडली तर आधी बॉनेट उघडा, मग तोंड उघडा. पूजा करायची तर खुशाल करा, पण जी वस्तू हलते तिला हलू द्या. माणसाचं मात्र असं नाही. त्याला बॉनेट नसतं. त्याला विचारावं लागतं, आणि त्यानं सांगितलेलं खरं निघालं तर ते चारचौघांत सांगावं लागतं. हे न केल्यानं काय होतं, ते मी बघितलं आहे. काहीच होत नाही. एक माणूस निघून जातो आणि सगळं सुरळीत चालू राहतं.

आता जो स्टेअरिंगवर बसला आहेस, तो तू पायाखालचा एक्सलेटर दाबून बघ. गंजला आहे, जोर लाव. दाबलास? आता पाय उचल. आला ना आपोआप वर?

तो अजून वर येतो.

आणि उतरताना दार लाव. लोट, मग अंगठ्यानं दाब.